तळपायाखालचा हात

कांदा साठवायच्या चाळीवर पत्रे बसवताना मी पडलो, तेव्हा धाकट्या भावानंच मला उचललं. आमच्याकडे पडलेल्या माणसाला आधी बसवतात, पाणी पाजतात. त्यानंही तेच केलं. बखोटीला धरून बसवलं, मग पिकअपमध्ये गोण्यांना टेकवून लासलगावहून नाशिकला आणलं. डॉक्टरांनी सहज विचारलं, "आडवं, फळीवर नाही का आणलं?" मणका पडल्यानं मोडला हे खरं, पण पाय पडल्यानं गेले की उचलल्यानं, ते कुणी सांगितलं नाही. भाऊ खाली बघत राहिला. तिथून ते माझ्या डोक्यात बसलं.

ऑपरेशननंतर व्यायामाचं सेंटर जवळ म्हणून नाशिकच्याच उपनगर भागात खोली घेतली. भाऊ रोज यायचा. मला कुशीवर वळवायचा, पाय चोळायचा. माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे. हा माझ्यासाठी येतो की स्वतःसाठी? तो आणि माझी बायको स्वयंपाकघरात हळू बोलायला लागले की मी टीव्हीचा आवाज बंद करायचो. एकदा ऐकू आलं, "वहिनी, दादाला एवढ्यात सांगू नका." नंतर कळलं, त्यानं ती चाळच पाडून टाकली होती. मला त्यातही त्याच्या चुकीचा पुरावा दिसला.

थंडीत एका सकाळी पांघरुणाखाली उजव्या पायाचा अंगठा हलला. पुन्हा हलवून बघितला. बायको चहा गाळत होती, भाऊ दारात चपला काढत होता. मी पाय सैल सोडला.

हे तेव्हा कुणाला बोललो नाही. पाय हलतो म्हटलं की हा सुटणार, असं वाटलं. आणि मला तो सुटायला नको होता.

सेंटरमध्ये फिजिओच्या मॅडम म्हणायच्या, "दाबा माझ्या हातावर." मी चेहरा ताणायचो, पाय नाही. त्यांनाही शंका आली असावी. एक दिवस त्यांनी भावालाच तळपायाखाली हात धरायला लावला.

"दाब की दादा," तो म्हणाला. "गोणीवर पाय देऊन सुतळी आवळायचास ना, तसा. तवा तर गोणी फाडायचास!"

मला हसू आलं, आणि पाय दाबला गेला.

त्यानं हात काढला नाही. "कधीपासून?"

"संक्रांतीच्या आधीपासून."

"राग व्हता तर तोंडानं काढायचा ना. शिव्या द्यायच्या. मीच उचललं, मला काय म्हाईत नाय?"

"तुझ्यामुळं झालं की नाही, मला माहीत नाही," मी म्हणालो. "मला ते तुझ्यामुळं झालेलं हवं होतं."

तो उठून बाहेर गेला. मॅडम उगाच पट्टे आवरत बसल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला, उशिरा. सेंटरच्या फाटकाशी माझ्या चाकांच्या खुर्चीवरचे हात त्यानं काढून घेतले. "चल, तुझी तू चाकं फिरव."

मी फिरवली. तो मागं येतोय की तिथंच थांबलाय, हे मान वळवली असती तर कळलं असतं. वळवली नाही.