दहा टोपल्यांचं पोर्तुगीज

हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री आहे आणि लाँड्रीत इस्त्रीवर गेली सव्वीस वर्षं मावशी आहे. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना वाटतं, हॉस्पिटल ते चालवतात. मावशीनं एक दिवस इस्त्री खाली ठेवली तर दुपारच्या आत ऑपरेशन थिएटरला कुलूप लागेल, हे मी युनियनच्या दर सभेत सांगते. आणि मावशी दर सभेत म्हणते, "हिचं काय ऐकताय, चहा घ्या आधी."

तिची मुलगी लग्न होऊन लांब गेली, पोर्तुगीज बोलणाऱ्या गावी. नात चार वर्षांची. रविवारी फोनवर नात भडाभडा बोलायची, मावशी "हो गं माझी राणी" म्हणायची, मग मुलगी अर्थ सांगायची, तोवर नात पळालेली. एका रविवारी मुलीनं अर्थ सांगितला, "आई, ती विचारतेय, या आजीला बोलता येत नाही का?"

दुसऱ्या दिवशी मावशीनं दोन चादरी करपवल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

चार महिन्यांनी नात तीन आठवड्यांसाठी येणार होती. मावशीनं वाचनालयाच्या माडीवरचा संध्याकाळचा पोर्तुगीजचा वर्ग धरला. शिकवणारे सर जहाजांवर कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांचा नियम लोखंडी: आधी पोर्तुगीज शब्दांच्या दहा जाती, त्यांची परीक्षा, पास झालात तर पुढं बोलण्याचा वर्ग. परीक्षा दोनदाच. दोनदा आपटलात तर पुढच्या वर्षी या.

पहिल्या परीक्षेत मावशीला वीसपैकी चार पडले. सर म्हणाले, "मावशी, हे डोक्याचं काम आहे. या वयात झेपत नाही."

हे ऐकून मी चपला घालून सरांकडं निघालेच होते. मावशीनं हात धरून स्टुलावर बसवलं. "बस खाली. सर खोटं नाही बोलले. माझ्या डोक्यात काही जात नाही. मी जे शिकले ते हातांनी शिकले."

लाँड्रीत मळके कपडे दहा टोपल्यांत वेगळे करतात. मावशीनं खडूनं प्रत्येक टोपलीवर पोर्तुगीज नाव लिहिलं. चादरी म्हणजे सुब्स्तांतीवू, आपलं नाम. सगळ्यात जास्त त्याच येतात. चादरींच्या गठ्ठ्यावर एक अभ्रा ठेवूनच गठ्ठा वर जातो, पुरुषांच्या वॉर्डाचा निळा, बायकांच्या वॉर्डाचा पांढरा, म्हणून अभ्रे म्हणजे आर्तीगू, इंग्रजीतल्या 'द'सारखा, नामाच्या पुढं चालून त्याचं लिंग सांगणारा. पेशंटचे झगे सर्वनाम, कारण आज ह्याच्या अंगावर, उद्या त्याच्या. ब्लँकेट विशेषण, चादरीवर पांघरायचं. थिएटरचे हिरवे डगले क्रियापद.

"क्रियापद का?" ड्रायरवाल्यानं विचारलं.

"त्याच्याशिवाय काम होतं का? आणि घालणारा बदलला की माप बदलावं लागतं. पोर्तुगीजमध्ये तर सहा मापं."

"आणि अपघात विभागाचा गठ्ठा?"

"तो उद्गार. उघडल्यावर तुझ्या तोंडून काय निघतं?"

ड्रायरवाल्यानं ते काय निघतं ते सांगितलं. ते पोर्तुगीज नव्हतं.

महिन्याभरात सगळं तळघर तीच भाषा बोलायला लागलं. एकदा वरच्या सिस्टरचा फोन आला, डगले कमी आलेत. ड्रायरवाला शांतपणे म्हणाला, "सिस्टर, क्रियापदं अजून ओली आहेत." सिस्टरनं त्याला तपासून घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या परीक्षेत सरांनी वाक्यं दिली होती आणि प्रत्येक शब्दाखाली जात लिहायची होती. मावशी हसत बाहेर आली, सगळं येत होतं म्हणाली. चार दिवसांनी सरांनी पेपर दाखवला आणि परत ठेवून घेतला. शून्य. खाली लाल शाईत शेरा: "प्रश्न कपड्यांचा नव्हता."

झालं असं की, हाताला लागलेली सवय. "छोटी मुलगी पलंगावर झोपते" अशा अर्थाचं वाक्य होतं, आ मेनिना पेकेना दॉर्म ना कामा. त्याखाली आमच्या मावशीनं ओळीनं लिहिलं होतं: अभ्रा, चादर, ब्लँकेट, डगला, आणि पुढंही तसंच. वीसच्या वीस उत्तरं अशीच.

या वेळी मी गेलेच. सरांना सांगितलं की बाईला सगळं येतं, तुमचं डोकं कागदाबाहेर जात नाही त्याला ती काय करणार. सर म्हणाले, "ताई, हे वाचनालय आहे. हळू बोला." मी आणखी चढले. प्रकरण हातातून गेलंच होतं, तेवढ्यात मागून मावशी म्हणाली, "सर, तुमच्या शर्टाला इस्त्री कोण करतं?"

"मीच. का?"

"कॉलर मोडलीय. उद्या लाँड्रीत आणा, नीट करून देते. येताना माझा पेपर आणा."

बायको गेल्यापासून सर मोडक्या कॉलरीनं फिरत होते. दुसऱ्या दिवशी शर्टांची पिशवी घेऊन तळघरात आले. मावशी इस्त्री फिरवत राहिली. सर टोपल्यांपाशी थांबले. खडूची अक्षरं वाचली. खिशातून पेपर काढला. मग एकेक उत्तर घेऊन या टोपलीकडून त्या टोपलीकडे फिरायला लागले, आणि ड्रायरवाला मशीन बंद करून बघत बसला.

"इथे 'ना'खाली तुम्ही मेणकापड आणि अभ्रा, दोन्ही लिहिलंत," सर म्हणाले.

"दोन आहेतच की आत, 'वर' सांगणारा 'एम' आणि पुढचा 'आ'. एकात एक गुंडाळून आलेत. मेणकापड गादी-चादरीच्या मधे बसतं, तसा तो मधला शब्द. आणि त्याला अभ्रा चिकटलाय. न उलगडता टोपलीत टाकलं तर मशीन अडकतं."

सरांनी त्या उत्तरावर बरोबरची खूण केली. "वर्गात हे कुणालाच आलं नाही."

"कुणी गुंडाळी उलगडलीच नसेल."

वीसपैकी एकोणीस निघाले. विसाव्यावरून मावशीनं एवढी हुज्जत घातली की सर म्हणाले, हे भांडण बोलण्याच्या वर्गात पोर्तुगीजमधून करा. जाताना शर्ट विसरले, ते ड्रायरवाल्यानं धावत जाऊन दिले.

बोलण्याच्या वर्गाला जेमतेम पाच आठवडे मिळाले. मग नात आली. दुसऱ्या दिवशी मी घरी गेले तर पोरगी मावशीच्या मांडीवर बसून तिला झापत होती. मावशी एक वाक्य बोलायची, पोरगी दोन शब्द दुरुस्त करायची, मावशी ते वाक्य पुन्हा म्हणायची. मुलगी आतून दोनदा विचारून गेली, काही अर्थ सांगू का. तिला कुणी दाद दिली नाही.

मी मधेच मावशीला युनियनच्या सभेची तारीख सांगायला लागले. पोरीनं माझ्याकडं बोट करून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?" मी म्हटलं.

"विचारतेय, ही बाई कुणाशी भांडतेय."

"मग सांग तिला."

मावशीनं थोडा विचार केला, बोटांवर शब्द जुळवले आणि नातीच्या कानात एक लांबलचक वाक्य सोडलं. पोरगी माझ्याकडं बघून खो खो हसली. या वेळी तिनं एकही शब्द दुरुस्त केला नाही. काय सांगितलं ते मी तीनदा विचारलं. मावशी म्हणाली, "तुझ्या डोक्यात नाही जायचं."