आवाजापुरती जागा

बसस्टॉपवर शेजारी उभ्या असलेल्या मुलीचा फोन तिला मेसेज भराभर वाचून दाखवत होता. तो आवाज मी लगेच ओळखला. तिलाही माझ्यासारखंच दिसत नसावं.

माझी दृष्टी गेली तेव्हा मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. लिहिणं बंदच पडलं होतं. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा एक प्रोग्रॅम मित्रानं आणून दिला, पण त्या काळच्या कॉम्प्युटरची मेमरी इवलीशी, आणि त्यात ऑपरेटिंग सिस्टिम आधीच ऐसपैस बसलेली. आवाज चालू ठेवला की लिहायचा प्रोग्रॅम उघडेना. आवाज बंद केला की उघडायचा, पण मुका.

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या शैलाबाई दुपारभर खटपट करत बसल्या.

"सिस्टिमचा बराचसा भाग वरच्या रिकाम्या मेमरीत हलवलाय, आता आवाज आणि लिहिणं दोन्ही मावेल," त्या म्हणाल्या. "आणि सर, जागा खाणारा माऊसचा प्रोग्रॅमही काढून टाकला. तुम्हाला तो कशाला हवाय?"

मी खो खो हसलो. दृष्टी गेल्यापासून सगळे माझ्याशी फार जपून बोलायचे. थट्टा करण्याइतकं जवळचं कुणी उरलंच नव्हतं.

आताच्या फोनमध्ये कुणाला असं काही हलवावं लागत नाही, आणि ते बरंच झालं. माझ्यासाठी मात्र एका बाईंनी ती जागा हातानं करून दिली.

त्या दुपारी मी एक वाक्य लिहिलं. मशीननं ते वाचलं, तेव्हा एक अक्षर चुकलेलं कानाला खटकलं. कुणालाही हाक न मारता मी ते दुरुस्त केलं.