पाना नसलेली पेटी

बेल्ह्याच्या बैलबाजारात मी एका खोंडाचे दात पाहत उभा होतो, तेव्हा आमच्या भावकीतला गेनू गर्दीतून वाट काढत आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. एवढ्या लांब हा उगाच येणार नाही हे मला कळायला हवे होते. पण मी त्यालाच विचारले, "खोंड कसा वाटतो रे?" तो म्हणाला, "मास्तर, आदी घरी चला. वहिनींचं बरं न्हाई." आमच्याकडे मरणाचा निरोप असाच देतात. बरं नाही म्हणजे सगळे आटोपले, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. तरी जुन्नरपर्यंतच्या साऱ्या वाटेवर मी त्या शब्दांचा सरळ अर्थ धरून बसलो होतो... पोचलो तेव्हा अंगणात माणसे डोक्याला हात लावून बसलेली. मानमोडीच्या तापाने घरोघर माणसे जात होती, प्रेत ठेवून कुणाची वाट पाहायची सोय राहिली नव्हती. चुलतभावाने अग्नी दिला होता. मी निघालो तेव्हा माझ्या बायकोला नुसती कणकण होती. "जावा तुमी, बाजार हुकंल," ती म्हणाली होती. तेच तिचे शेवटचे बोलणे.

बायकोविषयी छापून लिहिणे आमच्यात शोभत नाही, हे मला माहीत आहे. पण सगुणाविषयी लिहायला दुसरे कुणी बसणार नाही. हे नावसुद्धा तिच्या हयातीत मी चारचौघांत कधी घेतले नाही. ती आंबेगावची, नदीकाठची. आमच्या घरी आली ती परकरी पोरच होती. आमची शेती डिंगोऱ्याच्या वाटेला, घर जुन्नरात, मी इथल्या शाळेत मास्तर. तिचा दिवस चूल, जनावरे आणि पाणी यांत जाई. वडील माणसांच्या देखत नवऱ्याने बायकोशी बोलणे हा आमच्याकडे चावटपणा. त्यात घर लहान, माणसे पुष्कळ आणि आईचे कान तिखट. लग्नाला कैक वर्षे झाली तरी माझ्या बायकोला काय आवडते आणि काय नाही, हे मला शेजाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक नव्हते.

ते बदलले एका खेळण्यामुळे. थोरले बंधू, आमचे दादा, मुंबईला एका पेढीवर होते. त्यांनी आपल्या मुलासाठी, इथेच आमच्या घरी राहणाऱ्या वामनसाठी, एक विलायती पेटी आणली. भोके पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, पितळी चाके, बारीक नट-बोल्ट, एक पेचकस आणि चित्रांचे पुस्तक. पट्ट्या जोडून गाडी करा, पूल करा, ओझे उचलायची यारी करा, मग मोडा आणि दुसरे काही करा. वामनला दोन दिवसांत तिचा कंटाळा आला आणि तो विटीदांडूकडे पळाला. चिकटलो मी! अडचण एवढीच की पेटीत पाना नव्हता. मुळात दिलाच नव्हता की वाटेत कुठे पडला, देव जाणे. पुढून बोल्ट फिरवला की मागचा नटही त्याच्याबरोबर गिरक्या घेई. तो मागून बोटांनी दाबून धरायला कुणीतरी हवे. माझाच दुसरा हात लावावा तर पट्ट्या निसटत. आई तिथेच लसूण सोलत बसली होती. माझी चडफड ऐकून ती वैतागली आणि आत हाक मारून म्हणाली, "अगं सगुणा, धर बाई त्याला काय पायजेल ते. सकाळधरनं नुसती खडखड लावलीया."

अशी सगुणा भर दिवसा, आईच्या हुकमाने, माझ्यासमोर ओटीवर येऊन बसली. मी बोललेला पहिला शब्द "धर." दुसरा "घट्ट." पुढे शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत बसण्याचा आमचा परिपाठच पडला. आईने एकदा विचारले, "दोन मानसं लागत्यातच व्हय त्याला?" मी म्हणालो, "लागतात. नाहीतर जमतच नाही." ते खोटे नव्हते. त्या पुस्तकात मजकूर थोडका आणि चित्रेच फार. माझ्या इंग्रजीचा तिथे काही उपयोग नव्हता, आम्ही दोघे सारखेच चाचपडत होतो. एकदा ती खाली मान घालूनच म्हणाली, "चित्रात ही पट्टी वरनं हाय, तुमी खालनं लावलीया." मी पट्टी काढून वरून लावली. दुसऱ्या दिवशी कळले की ती खालूनच बरोबर होती. तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. तिचे हसणे मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिले.

बोलणे असे पट्ट्या जोडता जोडता निघे. तिला वांगे मुळीच आवडत नाही, पण मी तारीफ करतो म्हणून रोज मुकाट्याने खाते, हे मला गाडीची चाके बसवताना कळले. लहानपणी भीमाशंकरच्या जत्रेत ती हरवली होती आणि रडण्याऐवजी एका बैलगाडीखाली जाऊन झोपली होती, हे यारीच्या वेळी कळले. आमचे एकुलते मूल जन्मतःच गेले होते. त्याच्याविषयी आम्ही दोघे कधीही बोललो नव्हतो. पुलाची कमान जोडत होतो, नट तिच्या बोटात होता आणि ती म्हणाली, "त्येचं नाक तुमच्यावानी व्हतं." मी पेचकस फिरवीत राहिलो... बोल्ट केव्हाच आवळून झाला होता. तीही नट सोडीना. माझ्या संसाराचा खरा प्रारंभ मी त्या संध्याकाळपासून मोजतो.

काही वर्षांनी दादांनी नवी पेटी आणली. कारखान्याने सगळेच सुधारले होते. जुन्या पट्ट्या पातळ, दुमडल्या कडांच्या. जोर लावला की वाकत आणि त्यांची टोके बोटांना लागत. नव्या जाड, चकचकीत, टोके गोल केलेल्या. पुस्तकही बदलले होते. कोणत्या नमुन्याला किती पट्ट्या, किती बोल्ट, आधी काय जोडायचे, मग काय, सगळे पायरीपायरीने लिहिलेले. आमची जुनी यारी त्यात गाळली होती, तिच्या जागी दुसरी, जास्त भक्कम. आणि या पेटीत पाना होता. पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो वापरण्याचे चित्र दिले होते. दादा आंघोळीला गेले तेव्हा सगुणाने ते चित्र बराच वेळ पाहिले.

"ह्यात दोनच हात हायेत," ती म्हणाली.

"एकाच माणसाचे आहेत. एका हातात पाना, दुसऱ्यात पेचकस."

"मंजी दुसरं मानूस लागत न्हाई."

संध्याकाळी दादांनी हौसेने ओटीवर मांडी ठोकली आणि एकट्याने गाडी जोडून दाखवली. आई कौतुकाने पाहत होती. "लई ब्येस झालं," ती म्हणाली. "सुनंचा येळ वाचला. जा गं, भाकरी टाक." सगुणा उठून आत गेली. शहाण्या माणसांनी बसून, विचार करून, जगभरच्या पोरांच्या सोयीसाठी केलेली ती सुधारणा. आमचा दिवसातला एक तास तिने पुसून टाकला. मला त्या कारखानदाराचा मनापासून राग आला.

दुसऱ्या दिवशी पाना गायब! सारे घर धुंडाळले. वामनने काही केले नसता दोन चापट्या खाल्ल्या. दादांच्या आग्रहाने मी बाजारातल्या कासमभाई लोहाराकडून तसाच दुसरा करवून घेतला. तोही आठवडाभरात नाहीसा झाला. कासमभाई म्हणाला, "काय राव मास्तर, तुमच्याकडचं उंदीर लोखंड खात्यात का? तिसरा करून दिऊ?" मी नको म्हणालो. कारण त्याच सकाळी सगुणा केस विंचरत असताना मी खोलीत गेलो होतो आणि कुंकू-फणीच्या पेटीत मला दोन्ही पाने शेजारी शेजारी ठेवलेले दिसले होते. तिने माझ्याकडे पाहिले. मग सावकाश झाकण लावले. मी म्हणालो, "आज पूल घेऊ." ती म्हणाली, "घिऊ." त्या विषयावर आमचे जन्मात एवढेच बोलणे झाले. आईने नाइलाजाने तिला पुन्हा ओटीवर सोडले. पुढे वामन मुंबईला शिकायला गेला, तेव्हा आईने विचारले, "आता कुनासाठी करतुयास रं ह्ये?" मी शाळेचे नाव सांगितले. शाळेत त्यातला एकही नमुना कधी गेला नाही.

तेराव्यानंतर आमच्या वहिनी, दादांची बायको, सगुणाची लुगडी-चोळ्या आवरत होत्या. दोन्ही पाने हातात घेऊन त्या ओटीवर आल्या. "भावजी, ह्ये कशाचं हाय? तिच्या कुंकवाच्या पेटीत व्हतं." दादांनी ते ओळखले. आईने दोन्ही पाने हातात घेतले, एकेक चाचपून पाहिला, माझ्याकडे पाहिले. ती उठली आणि आत गेली. तिला जेवायला हाका मारल्या तरी ती आली नाही.

परवा शाळा सुटल्यावर मी पेटी काढली. का काढली, सांगता येणार नाही. दोन पट्ट्या घेतल्या, बोल्ट घातला, पेचकस लावला. नट गिरक्या घेऊ लागला. पाने समोरच पडले होते, पण हात जाईना. मी तसाच फिरवीत राहिलो, नट तसाच फिरत राहिला... इतका एकटा मी बेल्ह्याहून येतानाही नव्हतो. मग चौकटीला धरून आई बाहेर आली. सगुणा बसायची त्या जागी नाही, जराशी बाजूला, भिंतीला टेकून बसली आणि हात पुढे केला.

"कुठनं धरायचं ते दाव."

मी दाखवले. नट दोनदा खाली पडला, दोन्ही वेळा तिनेच चाचपडत शोधला. मग एकदाचा तो बसला. वर न पाहता तिने विचारले, "काय काय बोलायचा रं तुमी दोघं?"

मी पुढचा बोल्ट घेतला आणि सांगू लागलो.