मालकीण कुठं हाय?

घर बघायला आलेल्या माणसाला आमच्या वन्सं पाणी विचारत नसत. सैपाकघराच्या उंबऱ्यावर सूप घेऊन ज्वारी पाखडत बसायच्या आणि गृहस्थ ओसरीवर आला की वर न बघता विचारायच्या, "मालकीण कुठं हाय?" तो गोंधळायचा. मागं वळून बघायचा, वाटेत कुठं सांडली की काय म्हणून. मग हसून म्हणायचा, "ती घरी आहे. तिला काय कळतंय यातलं?" वन्सं खडा वेचून बाजूला टाकायच्या. "मग सैपाकघरातलं तुमाला तरी काय कळतंय? बाकीचं बघा आणि चला."

कसब्यातलं आमचं घर विकायला काढलं होतं. सासरे वारले होते, यांना कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरी लागली होती आणि तिथं दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. करकंबला दिली होती. वर्षाच्या आत नवरा गेला, सासरच्यांनी बैलगाडीत बसवून परत आणून सोडली, ती माहेरीच राहिली. घर विकल्यावर त्यांचं काय, हा विषय कुणी काढलाच नव्हता. पाटा-वरवंटा बरोबर जाणार तशा त्याही जाणार, हे धरून चाललं होतं. मला त्या नको होत्या, हे सरळच सांगते. माझ्या फोडणीला नाव ठेवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. पण गिऱ्हाइकांची त्या जी हजेरी घेत, ती ऐकायला मी हातातलं काम टाकून दाराआड उभी राहायची.

आणि काय एकेक नग येत! एक वकील आले. बारीक अंगाचे, मोठ्या पगडीचे. काठीच्या मुठीनं भिंती ठोकत फिरले आणि कान लावून ऐकायला लागले. "पाया किती खोल आहे?" त्यांनी विचारलं. वन्सं म्हणाल्या, "खणून बघा की. पाणी लागलं तर तुमचंच." दुसरे एक पेन्शनर कारकून ज्योतिष्यालाच बरोबर घेऊन आले. दार दक्षिणेला म्हटल्यावर दोघांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. वन्सं म्हणाल्या, "आमचा बाप या दारातनं पंचाहत्तरी गाठून गेला. तुमी पूर्वेच्या दारात राहून काय अमर होणार हायसा व्हय?" ज्योतिषी आधी उठला. दक्षिणा बुडाली याचंच त्याला दुःख असावं.

गिरणीतला एक जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, तर बूट घालून थेट माळवदावर चढला. आमचं छप्पर म्हणजे लाकडी पाटण आणि वर पांढऱ्या मातीचा थर. तो उन्हाळ्यात नीट चोपून ठेवला तर पावसाळ्यात घर कोरडं, नाहीतर घरभर पातेली मांडा. हा शहाणा वर टाचा आपटून मजबुती बघत होता. वन्सं अंगणात येऊन वर तोंड करून म्हणाल्या, "उतरा खाली. ज्याला माळवदावर चढायचं कळत न्हाय, त्याला घर घेऊन काय करायचंय? तंबू घ्या." तो उतरला आणि घराला, आम्हाला, आमच्या खानदानाला नावं ठेवत गेला. मला मनातून फार बरं वाटलं. त्या माणसाची बायको पावसाळ्यात किती पातेली मांडत असेल, देव जाणे.

हे शनिवारच्या गाडीनं येत आणि कपाळाला हात लावून बसत. "ताई, तू गिऱ्हाईक पळवतेस," हे म्हणत. "बायका कशाला लागतात घर बघायला?" वन्संचं उत्तर ठरलेलं. "दिवसभर घरात कोण असतंय? भिंत ठोकणारा? तो सकाळी जातोय आणि जेवायला येतोय. त्याला धर्मशाळा दाखव." हे माझ्याकडं बघत, मी चुलीकडं बघत असे. मला वाटायचं, घर सुटू नये म्हणून बाईनं हे सोंग काढलंय. यांनाही तेच वाटत होतं. अख्ख्या गल्लीला तेच वाटत होतं.

अशात एका रविवारी सकाळी मल्लाप्पा आले. अक्कलकोटकडचे लिंगायत, शेंगांचे व्यापारी. आणि त्यांच्या मागोमाग, कुणी न सांगता चपला अंगणात काढून, त्यांची बायको नीलव्वा आत आली. वन्संनी नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. गिऱ्हाइकासाठी त्यांना उठलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

नीलव्वानं भिंत ठोकली नाही. ती सरळ चुलीपुढं बसली, भाकरी थापायला बसावं तशी. डावा हात लांब करून पाण्याचा हंडा कुठवर येईल ते बघितलं, उजवीकडं पिठाची परात ठेवून बघावी तसा हात फिरवला, मग मान वर करून धुराड्याकडं बघितलं. वन्सं शेजारी बसून सांगू लागल्या. पश्चिमेचं वारं सुटलं की धूर मागं फिरतो. चैत्रात आडाचं पाणी तळाला जातं, तेव्हा पहाटेच शेंदून ठेवावं लागतं. त्या कोपऱ्यात मुंग्या हायत, तिथं गूळ ठेवायचा न्हाय. हे दारात उभे राहून खोकत होते. खोकून खोकून यांचा घसा बसला, पण वन्संनी एक खोट लपवली नाही.

सगळं ऐकून नीलव्वानं विचारलं, "अक्का, तुमी कुटं जाणार?"

"आमच्याबरोबर. कुर्डुवाडीला," हे घाईनं म्हणाले.

नीलव्वानं यांच्याकडं मान वळवलीसुद्धा नाही. "अक्कांना इचारलं मी."

वन्संनी परसाच्या दाराकडं बोट केलं. मग म्हणाल्या, "परसात गोवऱ्यांची खोली हाय. ती मला मरेपर्यंत ऱ्हाऊ द्या. शेंगांची चटणी कुटून देईन, शेवया करून देईन, कुणावर भार न्हाय. कागदात लिहून द्यायचं असंल तर आज सौदा करा. न्हायतर मी अजून बघते." मल्लाप्पांनी बायकोकडं बघितलं. ती कानडीत दोन शब्द बोलली आणि ते म्हणाले, "लिवू की."

यांचं तोंड काळंठिक्कर पडलं. "ताई, लोक काय म्हणतील? भाऊ जिवंत असताना बहीण परक्याच्या परसात!"

"घर विकायला काढलंस तेव्हा लोकांना इचारलं होतंस?" वन्सं म्हणाल्या. "मला तरी इचारलं होतंस? तू माणसं धाडत होतास, त्यातनं मला माझ्यासाठी शेजारीण बघायची होती. एकेक येडा बायकोला घरी ठेवून आला, त्याला मी काय करू?"

हे घराचे मालक होते, कर्ते होते, रेल्वेचे नोकर होते, आणि एवढ्या दिवसांत साधा एक प्रश्न यांना सुचला नव्हता. तो शेंगा विकणाऱ्याच्या बायकोला सुचला. अशा कर्तेपणाला काय चाटायचंय?

आम्ही निघालो त्या दिवशी टांगा दारात उभा होता. मी वन्संच्या पाया पडले. जिवाला केवढं हलकं वाटत होतं म्हणून सांगू! आता माझं घर, माझी चूल, माझी फोडणी. तोंडदेखलं म्हटलं, "वन्सं, कुर्डुवाडीला येत जा."

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. गिऱ्हाइकाकडं बघत तसं नव्हे. मऊपणानं, आणि तेच मला जास्त लागलं. "तू बघून आलीस का गं ते क्वार्टर?" त्यांनी विचारलं.

मी बघितलं नव्हतं. हे बघून आले होते. मला कुणी नेलं नव्हतं, आणि आपण मागावं हे मलाही कधी सुचलं नव्हतं.

संध्याकाळी कुर्डुवाडीला पोचलो. यांनी कुलूप काढलं. आत दोन खोल्या, आणि चूल मांडायला त्यात कुठंच जागा नाही. ती बाहेर व्हरांड्यात, यार्डाकडं तोंड करून मांडायची होती. इंजिनाच्या काजळीनं व्हरांड्याची जमीन काळी झाली होती.

"हवा छान येते इथं," हे म्हणाले.

मी पदर खोचला आणि झाडू शोधायला लागले.