प्रश्नचिन्हं आहेत की वेडीवाकडी अक्षरं?

माझे सासरे रेवदंड्याचे. चाळीस वर्षं होडीवर तांडेल होते. मी त्यांना मामा म्हणते. होडी सोडल्यावर ते घरी बसले आणि मी टायपिंगच्या क्लासवरून परतले की एकेक शब्द सांगायला लागले. वाऱ्यांची नावं, जाळ्यांचे भाग, भरती-ओहोटीच्या वेळा, कुठल्या माशाला लहानपणी काय म्हणतात आणि मोठेपणी काय. सुरुवातीला मी वहीत लिहायचे. मग वाटलं, वहीचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे, हे सगळ्यांना वाचता यायला हवं.

वेबसाइट बनवायचं एक फुकट मिळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. जगभरातल्या माणसांनी मिळून बनवलेलं. मालक कुणी नाही, अडलं तर विचारायला फोरम. त्यावर मी मामांच्या शब्दांची साइट उभी केली. दोन वर्षं आम्ही रोज थोडं थोडं भरत गेलो. मागच्या वर्षी मामांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पण बोलणं पूर्ण परत आलं नाही. एखाद-दुसरा शब्द येतो, तोही ओढून ओढून. तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की ते मोबाइल मागतात, साइट उघडतात आणि आपलेच शब्द वाचत बसतात.

साइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होती तिने काम बंद करत असल्याचं कळवलं. मी सगळं उतरवून नव्या ठिकाणी चढवलं. पानं दिसली, रंग दिसले, म्हणून उतरवलेली प्रत पुसून टाकली आणि जुनं खातं बंद झालं तरी काळजी केली नाही. दुसऱ्या दिवशी एक नोंद उघडली. एकही मराठी अक्षर नव्हतं. डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए, मध्येच लहान सूर्यासारखं चिन्ह, अर्धवट अपूर्णांक. दुसरी नोंद उघडली, तीही तशीच. सगळ्याच तशा.

घाबरून मी 'भांग' ही भरती-ओहोटीतली नोंद पुसून आठवेल तशी पुन्हा टाइप केली आणि सेव्ह केली. मग लक्षात आलं, बाकीचं मला आठवत नाही. आणि ज्यांना आठवतं त्यांना बोलता येत नाही.

मामांना सांगायचं धाडस झालं नाही. "नेट बंद हाय," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं. त्यांनी मान हलवली. तीन दुपारी मी हेच सांगितलं. चौथ्या दिवशी ते मोबाइल मागायचेच थांबले. ते मला जास्त लागलं.

फोरमवर मराठी वापरणाऱ्यांचा एक गट आहे. तिथे मी लिहिलं, सगळं गेलं. तासाभरात एक उत्तर आलं, एवढंच: "प्रश्नचिन्हं आहेत की वेडीवाकडी अक्षरं?"

मी लिहिलं, वेडीवाकडी.

"मग काही गेलेलं नाही. प्रश्नचिन्हं म्हणजे मूळ अक्षर पुसलं गेलं; तसं असतं तर मी सुतक सांगितलं असतं. आता कुठल्याही नोंदीला हात लावू नका. काही सेव्ह करू नका. कुठे राहता?"

उत्तर देणारे गृहस्थ निघाले आमच्याच जिल्ह्यातल्या तळा गावचे. निवृत्त शिक्षक. हे सॉफ्टवेअर मराठीत आणणाऱ्यांपैकी एक. "फोनवर सांगितलं तर तुम्ही घाबरून भलतंच बटण दाबाल," ते म्हणाले. "लॅपटॉप घेऊन या." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी निघाले, रोह्याला गाडी बदलली आणि दुपारच्या आत त्यांच्या ओटीवर पोचले.

त्यांनी आधी चहा दिला, मग सगळ्या साइटची एक प्रत काढली, मग त्या प्रतीची आणखी एक. "तुमची अक्षरं जिथल्या तिथे आहेत," ते म्हणाले. "नव्या सर्व्हरला वाटतंय ती इंग्रजी आहेत, म्हणून तो ती इंग्रजीसारखी वाचतोय. आपण त्याला फक्त सांगायचं, बाबा, ही मराठी आहेत."

त्यांनी तीन-चार ओळी लिहिल्या. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"वळा इकडे," ते म्हणाले.

पडद्यावर 'मतलई' होतं. खाली मामांचं वाक्य, जसंच्या तसं: पहाटे जमिनीकडून सुटतो तो, होडीला आपणहून बाहेर नेतो. मी खाली खाली जात राहिले. सगळं होतं. मला एकदम इतकी भूक लागली की त्यांनी पुढे केलेले तांदळाचे घावणे मी लाज सोडून पाच खाल्ले.

"एक नोंद वाचवता आली नाही," ते म्हणाले. "'भांग'. तुम्ही ती पुसून तिच्या जागी नवं टाइप केलं होतं."

आभार मानायला लागले तर त्यांनी हात आडवा केला. "माझ्या शाळेची साइट अशीच गेली होती. ब्राझीलच्या कुणी माणसाने सोडवून दिली. त्याचं तोंडही पाहिलं नाही मी. तुम्ही एक करा. फोरमवर नुसतं 'सुटलं, धन्यवाद' लिहू नका. कसं सुटलं ते लिहा. पुढचा घाबरलेला माणूस तेच शोधत येईल."

घरी आले तेव्हा मामा पडवीत होते. मी त्यांच्यासमोर मोबाइल धरला आणि खरं काय ते सगळं सांगून टाकलं. नेट कधीच बंद नव्हतं, हेही. 

"म्हाईत... हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी मोबाइलकडे आणि शेजारच्या घराकडे बोट केलं तेव्हा मला कळलं, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शेजारच्यांच्या मोबाइलवर त्यांनी ती चिन्हं पाहिली होती. मी आणखी घाबरेन म्हणून ते गप्प होते.

मग आम्ही 'भांग' लिहायला बसलो. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भरती-ओहोटीचा जोर नसतो, ते दिवस. मूळची नोंद सात-आठ ओळींची होती, त्यात होड्या कुठे लावाव्या, जाळी कधी टाकू नयेत, सगळं होतं. मामांनी सुधारलेला हात आडवा धरला, जरासा वर नेला, जरासा खाली आणला. पुष्कळ वेळ ओठ हलले.

"आलशी... पानी," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी तेवढंच लिहिलं. खाली माझ्या शब्दांत एक ओळ जोडली, त्यांना वाचून दाखवली, त्यांनी मान हलवली. संध्याकाळी फोरमवर काय झालं, काय चुकलं आणि कसं सुटलं ते मराठीत सविस्तर लिहिलं. लिहून झाल्यावर दिवा लावला, भात टाकला आणि चार दिवसांत पहिल्यांदा मामांच्या शेजारी पाट मांडून जेवायला बसले.