बाकीचं कारखान्यात सांगतो

सानगडीच्या बिडी कारखान्यात माणसाची किंमत त्याच्या हातावरून ठरायची, आणि त्या हिशेबानं डोमाला कोणी फारसं विचारलं नसतं. हात वाईट नव्हता, पण तोंड हातापेक्षा चांगलं होतं, आणि दोन्ही एका वेळी चालायचं नाव घेईनात. तुलाराम चेकर संध्याकाळी त्याच्या बिड्या उलटसुलट करून पाहायचा, ढिल्या निघालेल्या बाजूला टाकायचा आणि म्हणायचा की ही सकाळच्या चुटक्याची बिडी दिसते. डोमा कबूल करायचा. खोटं कशाला बोलायचं?

कारखाना म्हणजे एक लांबलचक कौलारू पडवी, शेणानं सारवलेली. भिंतीला पाठ लावून माणसं बसायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला ओल्या फडक्यात भिजवलेली तेंदूची पानं. सकाळी आधी पानं कापायची, मग जर्दा भरून दिवस मावळेपर्यंत वळत राहायचं. डोमाचा रोजचा चुटका पानं कापायच्या वेळी व्हायचा, आणि हे काही उगाच ठरलेलं नव्हतं. एकदा त्यानं भर दुपारी, सगळ्यांच्या सुपात जर्दा पसरलेला असताना, तोंड उघडलं. सारी पडवी एकदम फस्सकन हसली आणि जर्दा असा उडाला म्हणता, की अर्धे लोक शिंकत अंगणात पळाले आणि उरलेले डोळे चोळत बसले. तुलारामनं त्याच दिवशी कायदा केला: हसायचं तर जर्दा सुपात पडायच्या आधी हसून घ्या. असा कायदा दुसऱ्या कोणत्या धंद्यात असेल तर मला सांगा.

चुटके काही मोठे नसायचे. धनीरामनं सायकल घेतली, पण चालवता येईना. मग बिचारा ती हातात धरून साकोलीला पायी जायचा आणि पायीच परत यायचा. लोकांनी विचारलं, तर म्हणाला, "वेळ तेवढाच लागते, पन आता पायी चालला असं कोनी म्हनत नाई." एवढंच. पण डोमा ते सांगताना धनीरामसारखी मान ताठ करायचा, रिकाम्या हातांनी सायकलचं हँडल धरायचा, आणि खुद्द धनीराम समोर बसून पोट धरायचा.

सगळ्यांचं हसून झालं, की इश्वरचं सुरू व्हायचं. इश्वर डोमाच्या शेजारी बसायचा. लहानपणापासूनचा दोस्त, एका तळ्यात पोहलेले. त्याला चुटका उशिरा समजायचा की तो चवीनं हसायचा, देव जाणे. पण बाकीचे कात्रीला लागले, की हा आधी खांदे हलवायचा, मग नाकातून आवाज काढायचा आणि मग असा हसायचा, की हसून थकलेले लोक पुन्हा हसायला लागायचे. खरं सांगायचं तर डोमा चुटका जुळवायचा तो या एका हसण्यासाठी. बाकीच्यांना तो फुकटात मिळायचा.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर, त्या हसण्याच्या शेपटाला खोकला लागला. आधी थोडा, मग पुष्कळ. लोक म्हणाले, जर्द्याचा असेल. एका सकाळी डोमानं चुटका सांगितला, इश्वर हसला, खोकला, आणि त्याच्या मांडीवरच्या ताज्या कापलेल्या पानावर रक्ताचा थेंब पडला. इश्वरनं झटकन पान उलटं केलं. पण शेजारी बसणाऱ्याला सगळं दिसतं.

साकोलीच्या डॉक्टरनं टीबी सांगितली. रोजच्या सुया, गोळ्या, अंडी-दूध आणि आराम. बिडीला हात लावायचा नाही, जोरानं बोलायचं नाही, छातीला हिसका बसू द्यायचा नाही. बरा होशील, म्हणाला, पण सुया चुकवल्या तर माझ्याकडे येऊ नको. हे सगळं डोमानं ऐकलं, कारण इश्वरला घेऊन तोच गेला होता. आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, ती म्हणजे या माणसाची छाती आपण हसवून हसवून फाडली.

झालं. डोमानं तोंड बंद केलं. इश्वरकडे तर नाहीच, कारखान्यातही चुटका सांगेना. लोक पानं कापता कापता त्याच्याकडे बघायचे, तो खाली बघायचा. तुलारामला त्याच्या बिड्यांत एकही ढिली सापडेना, आणि तोच म्हणाला म्हणे की यापेक्षा पहिल्या बऱ्या होत्या. घरी डोमाची बायको पंचफुला वैतागली. घरात तुम्ही कधी बोलत नव्हते ते मी चालवून घेतलं, म्हणाली, आता बाहेरही मुके झाले तर लोक मला विचारतील.

इश्वरच्या घरी तो आणि त्याची आई गोदावरीबाई, दोघंच. रोगाचं नाव फुटलं तसे शेजारीपाजारी लांबूनच हालहवाल विचारू लागले. डोमा मात्र रोज कारखाना सुटला की जायचा, ओसरीवर बसायचा, आणि थंडी पडली, तळ्याचं पाणी उतरलं, असलं काहीतरी बोलून उठायचा. इश्वरनं काही दिवस ते सोसलं. मग एकदा खाटेवरून म्हणाला, "डोमा, लोक येत नाई, ते मले समजते. पन तू येऊनही आल्यासारखा वाटत नाईस. असं काहून करून राहिला?"

डोमानं नजर फिरवली ती ओसरीच्या कोनाड्यावर गेली, आणि तिथं त्याला दोन कप दिसले.

या कपाबद्दल सांगायला पाहिजे. कोनाड्यात एक कान तुटलेला कप वर्षानुवर्षं असायचा, तो डोमाचा. गोदावरीबाई त्यात वरून चहा ओतायची, डोमा प्यायचा, धुवायचा, परत ठेवायचा. छप्पन साली डोमाच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हापासून असल्या घरांचा उंबरठा त्याच्या बापानं सोडला होता, आणि दुसरीकडे कुठं डोमाही असा चहा प्याला नसता. इश्वरसाठी प्यायचा. तो पीत असेपर्यंत इश्वर मान वर करत नसे. दोघं यावर कधी एक अक्षर बोलले नव्हते. आता इश्वरचाही कप रोगापायी घरातून निघून त्याच कोनाड्यात, त्या तुटक्या कपाला खेटून बसला होता.

इतक्या दिवसांचं दाबून ठेवलेलं तोंड, ते थोडंच थांबतं? डोमा म्हणाला, "बरं झालं गा आलास. इतके वर्ष माहा कप एकटाच होता बिचारा."

इश्वरनं कोनाड्याकडे पाहिलं. खांदे हलले, नाकातून आवाज आला, आणि तो हसला, पहिल्यासारखा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग खोकला आला. तो थांबेना. वाटीत रक्त पडलं. गोदावरीबाई आतून धावत आली. तिनं चुटकाही ऐकला होता. पोराची पाठ चोळता चोळता डोमाला म्हणाली, मारतोस का माझ्या लेकराला? डोमा चपला हातात घेऊन तसाच निघाला.

त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. न बोलावं तर दोस्त आतून मरतो, बोलावं तर छाती फाटते. करावं तरी काय माणसानं? आणि मग त्याला सुचलं, ते रोज पानं कापणाऱ्या बिडीवाल्यालाच सुचावं असं होतं. हसू येतं ते शेवटाला. शेवटच कापून टाकला तर हसू येणार नाही, खोकला येणार नाही, आणि माणूस मात्र पुढचं ऐकायला जागा राहील.

दुसऱ्या दिवशी तो भीत भीत ओसरीवर आला. गोदावरीबाईनं चहा आणला. आणला तो घरातल्या कपबशीत. कोनाड्यात इश्वरचा कप तेवढा होता, तुटका कप कुठं दिसेना. डोमानं चहा बशीत ओतला आणि हळूहळू प्याला. गोदावरीबाई दाराशी पाठ करून उभी राहिली.

मग डोमानं सुरू केलं. नाकाडोंगरीच्या जंगलात एक माणूस मोहाच्या झाडावर चढत होता. त्याच झाडावर दुसऱ्या बाजूनं एक अस्वल चढत होतं. ना त्याला याचा पत्ता, ना याला त्याचा. वर एका फांदीवर दोघांची गाठ पडली. माणसानं अस्वलाकडे पाहिलं. अस्वलानं माणसाकडे पाहिलं.

डोमा थांबला आणि चपला घालू लागला.

"मंग?" इश्वर म्हणाला.

"बाकीचं कारखान्यात सांगतो. तू आपल्या पायानं ये, पानं कापाच्या वेळी."

इश्वरनं त्याला यथेच्छ शिव्या दिल्या, हळू आवाजात, डॉक्टरच्या हुकमाप्रमाणे. पण खोकला आला नाही.

तेव्हापासून रोज अर्धा चुटका. उन्हाळा गेला, धानाची रोवणी झाली, पीक पिवळं पडलं, आणि इश्वरच्या उशाशी अर्धे चुटके साठत गेले. मधे एकदा त्यानं सुयांना नकार दिला. मांड्यांना गाठी आल्या होत्या, कानांत सारखी शिट्टी वाजायची, गोळ्यांनी अन्न पोटात ठरेना. आईला म्हणाला, मले सोडून दे आता. गोदावरीबाई स्वतः चालत कारखान्याच्या दारात आली. जिच्या ओसरीवर डोमा येऊन बसायचा, ती बाई लोकांदेखत त्याला हात जोडून म्हणाली की तूच चल.

डोमा गेला. आधी सुईचं नाव काढलं नाही. सांगितलं ते एका वरातीचं. रात्रभर गाडी चालली, नवरदेवासकट सगळे झोपले, आणि बैल आपल्या सवयीनं दर आठवड्याला जायचे तिथं, सानगडीच्या बाजारात येऊन उभे राहिले. सकाळी नवरदेव बाशिंग बांधून बैलांच्या रांगेत उभा. तेवढ्यात एक व्यापारी आला, त्यानं नवरदेवाची पाठ थोपटली आणि जबडा उघडून दात मोजायला लागला.

"मंग?" इश्वरनं डोळे न उघडता विचारलं.

"सुया घेऊन टाक. मंग पाहू."

इश्वरनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग आईला म्हणाला की उद्या साकोलीला जायला गाडी जुंपायला सांग. घरी जाताना डोमाला रस्ता नीट दिसत नव्हता. तळ्याच्या पाळीवर बसून तो रडला. कारण एक गोष्ट त्यानं पंचफुलालाही सांगितली नव्हती. या अर्ध्या चुटक्यांना दुसरा अर्धा नव्हताच. शेवट जुळवायला बसलं, की त्याला वाटायचं, ऐकणारा राहिला नाही तर? आणि मग पुढचं काही सुचायचं नाही.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्याच्या तोंडी डॉक्टरनं सुया बंद केल्या. छातीचा फोटो साफ आला. बिडीला मात्र जन्मभर हात लावायचा नाही, म्हणाला. आणि एका सकाळी, पानांच्या कात्र्या चालू असताना, इश्वर कारखान्याच्या दारात उभा राहिला. अंगावर मांस आलं होतं, सदरा धुतलेला होता. जर्द्याची पोती आतल्या खोलीत होती, तरी तुलारामनं उठून खोलीचं दार ओढून घेतलं, आणि हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. इश्वर उंबरठ्यावरच बसला.

"आपल्या पायानं आलो," तो म्हणाला. "सांग आता. अस्वलाचं काय झालं?"

कात्र्या थांबल्या. डोमानं तोंड उघडलं, मिटलं. सारी पडवी त्याच्याकडे बघत होती, आणि सानगडीतल्या सगळ्यात बोलक्या माणसाच्या तोंडून शब्द निघेना. त्यानं हातातलं पान खाली ठेवलं.

"मले नाई माहीत," तो म्हणाला. "कोनत्याच चुटक्याचा शेवट नोयता, इश्वर. तुले जाऊ द्याचं नोयतं, एवढंच माहीत होतं."

आणि तो भर कारखान्यात, लोकांदेखत, लहान पोरासारखा रडायला लागला. धनीराम दुसरीकडे बघू लागला.

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं," इश्वर म्हणाला. "तुह्या पोटात चुटक्याचा शेवट कधी दुपारपर्यंत तरी टिकला काय? असता तं तू दारातूनच ओरडून सांगतला असता."

डोमानं डोळे पुसले. मग रोज 'मंग?' कायले विचारत होतास, असं त्यानं विचारलं.

"तू उद्या यावं म्हनून."

मग इश्वरनं घसा साफ केला. आयुष्यात त्यानं कधी चुटका सांगितला नव्हता, आणि सांगायला लागला तोही चुकतमाकतच. मधेच झाडाचं नाव विसरला, पुन्हा मागे गेला. पण सांगितलं. माणूस अस्वलाला म्हणाला, बाबा, मी उतरलो असतो, पण खाली माझी बायको टोपली घेऊन उभी आहे, रिकामा उतरलो तर माझी खैर नाही. अस्वल म्हणालं, सरक थोडा, मीही तिलाच भिऊन वर आलो.

पडवी हसली. तुलाराम हसला. डोमा रडता रडता हसला. आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर इश्वरचे खांदे हलायला लागले, नाकातून आवाज आला, आणि तो हसू लागला, मोठ्यानं, डोकं मागे टाकून. मग एकेक जण गप्प झाला. डोमानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि श्वास धरून वाट पाहत राहिला. इश्वर हसत होता, हसतच होता, आणि खोकला काही आला नाही.