जावक क्रमांकाचा निकाल

गल्लीत त्यांना सगळे जावकराव म्हणत. बत्तीस वर्षं नगरपालिकेत त्यांनी एकच काम केलं होतं, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर जावक क्रमांक टाकण्याचं. निवृत्त झाले तरी खोड काही जाईना. घरी विजेचं बिल आलं तरी रकमेआधी क्रमांक बघायचे.

त्या आठवड्यात घरोघरी दोन नोटिसा आल्या. पाणी विभाग म्हणे, छपराचं आणि धुण्याचं पाणी पिंपात साठवा, ओतून दिलंत तर दंड. आरोग्य विभाग म्हणे, अंगणात साठवलेलं पाणी दिसलं की डासांपायी पंधरा दिवस नळ बंद. ही खाती एकमेकांशी कधी बोलत नाहीत, बोलतात ती फक्त आपल्याशी.

शेजारच्या बाई दोन्ही कागद घेऊन आल्या. दवाखान्याच्या चादरी धुऊन त्या एकट्या घर चालवत. नळ गेला की काम गेलं.

"भाऊजी, तुम्ही ऑफिसातले. कोणाचं ऐकू?"

जावकरावांनी चष्मा चढवला. तारीख दोन्हींवर एकच. आरोग्याचा क्रमांक सत्त्याण्णव, पाण्याचा चारशे बारा.

"मोठा क्रमांक म्हणजे नंतरचा आदेश. नंतरचाच चालतो. पिंप भरलेलं ठेवा."

संध्याकाळी पायरीवर बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं. प्रत्येक विभागाची जावक वही वेगळी असते. कोणता कागद आधीचा, हे त्या क्रमांकांवरून कळणारच नव्हतं. बत्तीस वर्षं त्याच वह्या हाताळलेला माणूस तोंडावर आपटला होता. नळ बंद होण्यापेक्षा दंड परवडला, म्हणून अंधार पडायच्या आत त्यांनी स्वतःचं पिंप मोरीत ओतून कुंपणाशी पालथं घातलं. बाईंकडे जायला चपला घातल्या आणि काढून ठेवल्या. सकाळी सांगू, म्हणाले. सकाळीही जीभ रेटेना. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी आरोग्यवाले बाईंच्या अंगणात शिरले.

"पाणी साठवायला कोणी सांगितलं?" निरीक्षकाने विचारलं.

जावकराव कुंपणापलीकडेच उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"कोणी नाही. माझंच चुकलं."

जावकरावांनी मान खाली घातली. नळाला सील लागलं.

दुपारी जावकराव शेजारी गेले तेव्हा बाई न धुतलेल्या चादरींची गाठोडी परत पाठवायला बांधत होत्या. लाजेनं त्यांना उंबरा ओलांडवेना.

"मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, माझं चुकलंय ते," ते कसेबसे म्हणाले.

"ठाऊक आहे. तुमचं पिंप पालथं दिसलं होतं."

"मग तुम्ही तुमचं का नाही ओतलंत?"

बाईंनी गाठ आवळली.

"मला वाटलं, माझंही ओतायचं असतं, तर तुम्ही सांगायला आला असता."